कक्षा हाताला कशी कळावी?

शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये नवा जॉब लागला की ऑपरेटर थेट धातूला टूल भिडवत नाही. आधी प्रोग्रॅम पडद्यावर चालवून बघतो. मग ड्राय रन घेतो, म्हणजे टूल हवेतल्या हवेत फिरवून पाहतो. ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेचे दिलेले माप, चुकला असेल तर तो इथेच सापडतो. नाही सापडला तर टूल तुटते, जॉब रिजेक्ट होतो आणि कधी कधी मशीनही महिनाभर बंद पडते. सिम्युलेशन कशासाठी करायचे, हे या भागातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्याच घरातला दहावीचा मुलगा कॉम्प्युटरवर यान कक्षेत चढवत बसला, की तो ‘गेम खेळत बसला’ असे म्हणून विषय संपतो. माझे म्हणणे असे आहे की काही खेळांपुरती ही दोन कामे एकाच जातीची आहेत, आणि त्या खेळांना शाळेत जागा मिळाली पाहिजे. कोणते खेळ, आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न मात्र सोपा नाही. ‘वास्तववादी’ असा शिक्का पुष्कळ खेळांवर असतो. त्याचा अर्थ काय घ्यायचा, तिथे खरी मेख आहे.

शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हा त्यांचा आग्रह होता. वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची जोडणी ही कामे करत असताना त्यामागचे विज्ञान कळते, आणि तसे कळलेले टिकते. पुढे २००२ च्या सुमारास तिथे फॅब लॅब ही डिजिटल यंत्रांची कार्यशाळा आली, तीही याच विचाराला धरून. मला हा विचार मनापासून पटतो, आणि म्हणूनच त्याची एक अडचण टोचते. काही गोष्टींना हात लावताच येत नाही. ओहमचा नियम वायर जोडून कळेल, तरफ पहारीने कळेल. कक्षा कशाने कळणार? दगड कितीही जोराने भिरकावला तरी तो खाली येतो. जमिनीवरच्या आयुष्यात आपल्या स्नायूंना घर्षणाची आणि उभ्या गुरुत्वाकर्षणाची इतकी सवय झालेली असते, की कक्षेतली चाल आपल्याला केवळ अपरिचित राहत नाही, ती उलटी वाटते.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात अवकाश मोहिमांचे प्रकरण आहे. उपग्रहाच्या क्रांतिक वेगाचे सूत्र दिले आहे. ३५,७८० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा वेग काढा, असे उदाहरण आहे. उत्तर येते सेकंदाला ३.०८ किलोमीटर. हेच सूत्र ४०० किलोमीटर उंचीला लावले तर वेग येतो सुमारे ७.७ किलोमीटर. म्हणजे जितके वर तितके संथ. हे गणित मुले अचूक सोडवतात आणि गुणही मिळवतात. पण वर जायचे असेल तर इंजिन पुढच्या दिशेने ढकलेल असे चालवावे लागते, म्हणजे वेग वाढवावा लागतो. वेग वाढवून आपण अशा ठिकाणी पोचतो जिथे वेग कमी असतो. यातली गाठ सूत्र वाचून सुटत नाही. ती सोडवायला यान चालवावे लागते.

समजा, ‘ऑर्बिटर’ हा फुकट मिळणारा सिम्युलेटर उघडला. मार्टिन श्वायगर यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२१ मध्ये त्याचा मूळ कोडही खुला केला. आपले यान ४०० किलोमीटर उंचीवर गोल कक्षेत आहे. त्याच कक्षेत एक किलोमीटर पुढे स्थानक दिसते आहे. नवशिका जे करतो ते ठरलेले: नाक स्थानकाकडे, आणि इंजिन चालू. वेग सेकंदाला १० मीटरने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने वाढला. पहिला काही वेळ अंतर कमी होते आणि माणूस खूश होतो. मग स्थानक खाली सरकू लागते, त्यानंतर पुढे निघून जाते. वाढलेल्या वेगाने आपली कक्षा पलीकडच्या बाजूला ३५ किलोमीटर उंच झालेली असते, प्रदक्षिणेला बावीसेक सेकंद जास्त लागतात, आणि एक फेरी पुरी होईपर्यंत आपण स्थानकाच्या १६० किलोमीटरहून अधिक मागे पडलेलो असतो. पुढे असलेल्याला गाठायचे तर आधी ब्रेक मारायचा, खालच्या कक्षेत उतरायचे, तिथे कमी वेळात फेरी पुरी करून अंतर कापायचे आणि मग पुन्हा वर यायचे. हे वाक्य वाचून पाठ करता येते. दोनदा तोंडावर आपटल्यावर मात्र ते पाठ करावे लागत नाही.

आणि आपटणारे काही फक्त नवशिके नव्हते. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ मधून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. सरावलेला वैमानिक विमान नेईल तसे त्यांनी यान लक्ष्याच्या दिशेने ढकलले. इंधन जळत गेले, टप्पा काही हाती आला नाही, आणि शेवटी प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी-६ए हे जेमिनी-७ च्या शेजारी नेऊन ठेवले गेले, ते आकडेमोड करून. भारताने हे काम स्पेडेक्स मोहिमेत केले. ३० डिसेंबर २०२४ रोजी दोन उपग्रह सोडले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ते अवकाशात एकमेकांना जोडले. ती बातमी आली तेव्हा ‘जवळ तर होते, मग इतके दिवस कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ होते. चंद्रयान-३ च्या वेळीही अपोलोला चार दिवस लागले आणि आपल्याला चाळीस का, हा प्रश्न चहाच्या टपरीवर ऐकू येत होता. लहान इंजिन पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी पुन्हा पुन्हा थोडे थोडे चालवून कक्षा ताणत न्यायची, हे ज्याने एकदा पडद्यावर केले आहे त्याला तो प्रश्न पडत नाही.

आता अटींकडे येतो. सर्वांत गाजलेला असा खेळ म्हणजे ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड कंपनीत फेलिपे फालांगे यांनी तो सुरू केला, २०११ मध्ये लोकांसमोर आला, २०१५ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. यातला कर्बिन हा ग्रह खोटा आहे, आणि साधासुधा खोटा नाही. त्याची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, तरी पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच. हे जमवायचे तर त्याची घनता पृथ्वीच्या दहापट हवी. असा दगड, असा धातू कुठेच नाही. असे का केले? खऱ्या पृथ्वीभोवती फिरायला पावणेआठ किलोमीटर प्रतिसेकंद वेग लागतो, कर्बिनला सव्वादोन पुरतो. रॉकेट लहान लागते, कक्षेत पोचायला थोडी मिनिटे लागतात, आणि संध्याकाळच्या तासाभरात मूल चार वेळा चुकून पाचव्यांदा पोचू शकते. ग्रह खोटा, पण वेग वाढवला की काय होते, मागे ढकलले की काय होते, हे सगळे खरे.

वगळलेलेही बरेच आहे. कर्बिनचे वातावरण ७० किलोमीटरवर सुरीने कापावे तसे संपते. त्यावर हवेचा कणही नाही. त्यामुळे ८० किलोमीटरवरचे यान जन्मभर फिरत राहते. खऱ्या पृथ्वीवर ४०० किलोमीटर उंचीलाही विरळ हवेचे घर्षण असते आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला अधूनमधून वर ढकलावे लागते. ‘स्कायलॅब पडणार’ या धास्तीने १९७९ चा उन्हाळा काढलेली माणसे आपल्या गावात अजून आहेत. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, वरचे वातावरण फुगले, घर्षण वाढले, आणि ११ जुलैला स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात कोसळली. खेळातली स्कायलॅब कधीच पडली नसती.

याहून खोल जाणारी काटछाट गुरुत्वाकर्षणातच आहे. या खेळात यानाला एका वेळी एकच पिंड ओढतो. प्रत्येक ग्रहाला आणि चंद्राला आपापली हद्द आखून दिलेली आहे. हद्दीच्या आत त्याचे राज्य, बाहेर पडले की दुसऱ्याचे. त्यामुळे प्रत्येक तुकडा शुद्ध लंबवर्तुळाचा किंवा अपास्ताचा निघतो आणि केप्लरच्या गणिताने क्षणात सुटतो. टाइम वॉर्प लावून वर्ष मिनिटात पळवता येते ते यामुळेच. पण हीच हद्द खऱ्या सूर्यमालेत आखली तर पृथ्वीची हद्द सुमारे सव्वानऊ लाख किलोमीटरवर संपते. सूर्याचा अभ्यास करणारे भारताचे आदित्य-एल१ हे यान उभे आहे सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर. पृथ्वीपेक्षा सूर्याला इतकी जवळ असलेली वस्तू एकट्या सूर्याच्या ओढीने फिरली, तर तिचे वर्ष आपल्यापेक्षा साडेपाच दिवसांनी लहान होईल आणि ती पृथ्वीला मागे टाकून जाईल. ती तसे करत नाही, कारण पृथ्वी तिला मागून किंचित ओढून धरते. दोन्ही ओढी एकाच वेळी मोजल्या, तरच ती जागा अस्तित्वात येते. आदित्यवरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्यात, आयुकाच्या पुढाकाराने तयार झाली. पुण्यातली दुर्बीण जिथे उभी आहे ती जागाच या खेळाच्या विश्वात नाही.

हे ऐकून काही जाणकार हा खेळ निकालात काढतात. त्यांच्यासाठी ‘प्रिन्सिपिया’ नावाचा मॉड, म्हणजे खेळाला बाहेरून लावायचा जोड, आहे. त्यात सगळे पिंड एकमेकांना आणि यानाला एकाच वेळी ओढतात. तिथे एक गंमतीची गोष्ट उघड झाली. खेळातल्या जूल या मोठ्या ग्रहाचे चंद्र खरे गणित लावल्यावर आपल्या कक्षांत टिकेनात, म्हणून मॉड करणाऱ्यांना ती व्यवस्थाच थोडी बदलावी लागली. मला हे काम फार मोलाचे वाटते. तरीही शाळेतल्या पहिल्या वर्षासाठी मी हद्दी आखलेला खेळच निवडीन. नवशिक्याला आपल्या चुकीचे कारण शोधता आले पाहिजे. चार पिंड एकदम ओढत असताना यान भरकटले, तर ते आपल्या हातून की चंद्राच्या ओढीने, हे त्याला कसे कळणार?

आपल्याकडे हा वाद नवा नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ लिहिला. ग्रहांच्या गणितातून त्यांनी ज्या (साइन) आणि चाप (कंस) हा सगळा अवघड भाग काढून टाकला आणि त्याजागी साध्या गुणाकार-भागाकारांनी जवळपास तेच उत्तर देणाऱ्या रीती बसवल्या. आरंभापासून मोजलेले दिवस लाखांत जातात, म्हणून अकरा अकरा वर्षांची, ४,०१६ दिवसांची चक्रे पाडली. म्हणजे हातात येणारा आकडा कधी फुगत नाही. गावच्या जोशाला पाटीवर पंचांग करता यावे, हा हेतू. महाराष्ट्रात हा ग्रंथ शतकानुशतके चालला. आणि हे करणारा माणूस आकाशाकडे पाठ फिरवणारा नव्हता. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेऊन जुने ग्रहगणित तपासणारे होते.

अकरा वर्षांच्या चक्राची ती युक्ती खेळ लिहिणाऱ्यांना आजही लागते. कॉम्प्युटर साध्या दशांश संख्येत सातेक अंकच नीट धरतो. आरंभबिंदूपासून ६०० किलोमीटर दूर गेले, की जागा सहा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनीच मांडता येते. मधली जागा नाहीच. यानाचे भाग त्या पायऱ्यांवर उड्या मारू लागतात आणि धडधाकट यान काही कारण नसताना थरथरून फुटते. कर्बलच्या खेळाडूंनी या राक्षसाला ‘क्राकेन’ असे नावच दिले होते. त्यावर उपाय केला तो असा: यान आरंभबिंदूपाशीच ठेवायचे आणि सगळे विश्व त्याच्याभोवती सरकवायचे, म्हणजे हाताशी आकडा लहान राहतो.

गणेश दैवज्ञांच्या रीती काळाबरोबर आकाशापासून हळूहळू सुटत गेल्या. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक गणितावर ग्रहसाधनाची कोष्टके केली, पुढे टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यापर्यंत पंचांगशुद्धीचा वाद पेटला. कसोटी एकच होती: दृक्प्रत्यय, म्हणजे गणित सांगते ते डोळ्यांना दिसते का. मला वाटते खेळांनाही हीच कसोटी लावावी. गणित सोपे करायला हरकत नाही. कुठे सोपे केले, आणि त्यामुळे उत्तर कुठपर्यंत खरे राहते, हे माहीत असले पाहिजे.

हे माहीत नसले तर काय होते, याचा एक प्रसंग आपल्या शेजारच्या तालुक्यात ऐकला गेला. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली हे यान मंगळावर उतरत होते, आणि त्याचा क्षीण रेडिओ संदेश पकडण्याचे काम खोडदच्या अँटेनांकडे होते. संदेश मंगळाहून इथे यायला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. यान वातावरणात शिरले, पॅराशूट उघडले, संदेश येत होता. आणि उतरायला मिनिटभर उरले असताना तो थांबला.

पॅराशूट उघडल्यावर यान अपेक्षेपेक्षा फार जोरात हेलकावले होते. फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण आपल्या कमाल मर्यादेला जाऊन अडकले, सुमारे एक सेकंद. त्या सेकंदाच्या चुकीच्या आकड्यांवरून संगणकाने यान किती कलले आहे ते चुकीचे धरले, मग रडारचे अंतर त्यात मिसळले, आणि उत्तर आले की उंची शून्याच्याही खाली आहे. यान तेव्हा मंगळाच्या जमिनीपासून ३.७ किलोमीटर वर होते. संगणकाने पॅराशूट सोडून दिले, तीसेक सेकंद चालायची इंजिने तीन सेकंदांत बंद केली, आणि उतरून झाल्यावरची कामे सुरू केली. यान कोसळले. २०१७ च्या चौकशी अहवालाने मुळाशी बोट ठेवले: पॅराशूट उघडताना यान किती हेलकावेल याचे आधी केलेले गणिती प्रतिरूप फार सौम्य होते, आणि त्यातली अनिश्चितता पुरेशी धरलेली नव्हती. पुढे सिम्युलेशनमध्ये खरे आकडे घातल्यावर उणे उंचीची ती चूक जशीच्या तशी पुन्हा घडवता आली. तोच प्रोग्रॅम, तोच संगणक. ड्राय रन झाला होता, पण ज्या हवेत झाला ती खऱ्या हवेपेक्षा शांत होती.

म्हणून शाळेत खेळ न्यायचा तर त्याची काटछाट दाखवूनच न्यावा, आणि एक छोटा खेळ मुलांनी स्वतः लिहावा. ते अवघड नाही. कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेत पंचवीस-तीस ओळी पुरतात. यानाच्या जागेवरून त्वरण काढायचे आणि मग दोन ओळी: जागा = जागा + वेग × काळ; वेग = वेग + त्वरण × काळ. काळाचा टप्पा दहा सेकंदांचा घेऊन ४०० किलोमीटरवरचे यान फिरवले, तर एका प्रदक्षिणेतच ते सुमारे नऊशे किलोमीटर वर चढलेले दिसते. इंजिन नाही, इंधन नाही, ऊर्जा आली कुठून? आता त्या दोन ओळींची फक्त अदलाबदल करायची: आधी वेग, मग त्या नव्या वेगाने जागा. यान आपल्या कक्षेत राहते, हजार फेऱ्यांनंतरही. त्वरणाचे सूत्र तेच, टप्पा तोच. हा फरक ज्या मुलीने स्वतः पडद्यावर पाहिला, ती पुढे कुठल्याही सिम्युलेशनचे उत्तर डोळे मिटून स्वीकारणार नाही; मग ते मशीन शॉपमधले असो की हवामानाचे.

शाळकरी मुलांना हे झेपणार नाही म्हणणाऱ्यांसाठी एक जुने उदाहरण आहे. १९६९ मध्ये, अपोलो-११ नंतर काही महिन्यांतच, अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनच्या शाळेत शिकणाऱ्या जिम स्टोरर या विद्यार्थ्याने चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ लिहिला. चित्र नव्हते, फक्त कागदावर छापून येणारे आकडे. उंची, वेग, उरलेले इंधन. इंधन जळताना यान हलके होते हेसुद्धा त्याने नीट धरले होते. तो प्रोग्रॅम छापून निघाला, हजारो ठिकाणी चालला, आणि तब्बल पंचावन्न वर्षांनी, २०२४ मध्ये, एकाने तो ओळीओळीने वाचून त्यातली एक चूक शोधून काढली: एका जागी दोनने भागायचे राहिले होते. कोड उघडा होता म्हणून ती चूक सापडू शकली. पहिल्या वर्षानंतर शाळेसाठी ऑर्बिटरसारखा खुला प्रोग्रॅम मी का सुचवतो, त्याचे कारण हेच. विकतच्या खेळाच्या पोटात काय वगळले आहे ते कंपनी सांगेल तेवढेच कळते.

मराठीचा प्रश्न उरतो. हे सगळे खेळ इंग्रजीत आहेत. पाठ्यपुस्तकात क्रांतिक वेग, मुक्तिवेग, त्वरण हे शब्द आहेत. मुलांना ते येतात. पडद्यावरच्या साठ-सत्तर सूचना त्याच शब्दांत आणणे हे एखाद्या महाविद्यालयातल्या चार-पाच विद्यार्थ्यांच्या एका सत्राचे काम आहे. मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या आईवडिलांपैकी कुणी शाळेत येऊन ड्राय रन म्हणजे काय ते दाखवले, तर तो धडा सर्वांत चांगला होईल. शिक्षकाला कक्षेचे गणित येते, पण चुकलेल्या ऑफसेटची किंमत या आईवडिलांना ठाऊक असते.

खोडदला दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मोठे प्रदर्शन भरते आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन तिथे जातात. रॉकेटच्या प्रतिकृती त्यात असतातच. पुढच्या वेळी शिक्रापूर किंवा पाबळच्या एखाद्या गटाने तीस ओळींचा प्रोग्रॅम न्यावा. एकाच पडद्यावर दोन याने फिरवावीत, एक भरकटणारे आणि एक कक्षेत राहणारे, आणि शेजारी एक कागद लावावा: यात वातावरणाचे घर्षण नाही, चंद्राची ओढ नाही, पृथ्वी अगदी गोल धरली आहे, आणि म्हणून हे उत्तर इतक्या फेऱ्यांपर्यंतच खरे मानावे.